बोटभर रेघ

बायकोच्या थडग्यावर जन्म-मृत्यूच्या सालांमध्ये स्वतःच्याच हातानं कोरलेली बोटभर रेघ पाथरवटाला चैन पडू देत नव्हती. त्याच तंद्रीत त्यानं चर्चच्या दगडावर ‘देव’ कोरलं आणि सवयीनं खाली तशीच रेघ मारली. मग कपाळावर हात मारून घेतला.

“घोळ झाला, फादर. देवाला कसलं आलंय जन्मसाल नि मरणसाल!”

“मग रेघ दोन्हीकडे वाढवा,” फादर म्हणाले. “थांबू नका.”

तो तिरीमिरीत ठोकत सुटला. दोन्ही कडा आल्या, छिन्नी हवेत गेली.

“दगड संपला,” तो वैतागून म्हणाला.

“दगडच संपला ना?”

पाथरवटानं हातोडा उचलला आणि तडक बायकोच्या थडग्याकडे निघाला. तिथली रेघ फारच आखूड राहिली होती.