बारा वाटेकऱ्यांचं कॅरेट

मी एक जुनं कॅरेट आहे. शिकलेली माणसं मला क्रेट म्हणतात, पण ज्या तासगावच्या द्राक्षबागांत माझी हयात गेली, तिथं आम्ही सगळी कॅरेटच. मित्रांनो, तुमच्या निबंधाच्या वहीत फाटक्या छत्रीला जागा मिळते, मोडक्या बाकाला मिळते. प्लॅस्टिकच्या कॅरेटला कुत्रं विचारत नाही. म्हणून म्हटलं, आपली कथा आपणच सांगावी. गोड कथा नाही ही. आधीच सांगून ठेवतो, मग म्हणू नका.

कुठल्याशा कारखान्यात तापलेला रस साच्यात ओतला आणि मी लालभडक बाहेर पडलो. आठ हंगाम मी द्राक्षं वाहिली. काय ती हौस तेव्हा! कागदाचं अस्तर घालायचे, हळुवार उचलायचे, घडाला ओरखडा येऊ नये म्हणून जपायचे. आम्हाला वाटायचं, आम्हालाच जपतात. एके वर्षी ट्रकमधून पडून माझा कोपरा फुटला आणि मला उचलून बेदाण्याच्या शेडमागं भिरकावलं. माझ्यासारखी आणखी दोघं तिथं होतीच. उन्हातान्हात पडून रंग उडाला, तरी कुणी फिरकलं नाही.

त्या शेडवर बेदाणा निवडायला क्रांती यायची. जवळच्याच गावची सून. नवरा शंभूराज फौजेत, लांब राजस्थानात. तिनं मालकाला विचारलं, "आवं, ही फुटकी कॅरेटं नेऊ का?" मालक म्हणाला, "ने की, तेवढीच अडगळ जाईल." तिनं माझा कोपरा तारेनं शिवला. मला दुखलं नाही, उलट बरं वाटलं.

क्रांतीच्या मनात एक बेत होता. सासऱ्यांची, म्हणजे नाथाजींची, विहिरीकडची वीस गुंठे जमीन तिनं भाजीसाठी मागितली होती. नाथाजी माजी सैनिक. बोलणं मोजकं, मान ताठ. ते एवढंच म्हणाले होते, "एक साल करून बघ. न्हाई जमलं तर ऊस." झालं बोलणं. सासू शालूबाई होत्या तोवर सुनेचा निरोप सासऱ्याला आणि सासऱ्याचा सुनेला पोचायचा. त्या वारल्या आणि घरात जेवणाच्या ताटाचा तेवढा आवाज उरला.

भाजी बाजारात न्यायची नाही, असं क्रांतीनं ठरवलं होतं. सांगलीत तिच्या ओळखीच्या त्रिशलाकाकू होत्या. त्यांनी बारा घरं जोडून दिली. रीत अशी, की त्या घरांनी वर्षाचा शब्द द्यायचा, बियाण्याला आधीच हातभार लावायचा आणि दर शनिवारी शेत देईल तो वाटा घ्यायचा. पिकलं तर भरून, नाही पिकलं तर कमी. निम्मी घरं जैनांची. त्यांच्या वाट्यात कांदा, मुळा, गाजर गेलेलं चालायचं नाही, हे क्रांतीनं पहिल्याच आठवड्यात पाठ केलं.

वाटा घेणारे म्हणून त्यांना काय म्हणायचं? काकू हसून म्हणाल्या, "आम्ही तुझे वाटेकरी गं!" क्रांतीला तो शब्द लय आवडला. तिनं पांढरा रंग आणला आणि माझ्या अंगावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'शेताचे बारा वाटेकरी'. मित्रांनो, मी तर फुलून गेलो. एसटीच्या टपावर चढताना कंडक्टरसुद्धा वाचायचा.

चैत्रात गारा पडल्या. वाफे झोपले, वेलांच्या चिंध्या झाल्या. त्या शनिवारी माझ्या पोटात चार जुड्या कोथिंबीर आणि थोडी फुटकी वांगी होती. क्रांती मान खाली घालून काकूंच्या दारात उभी राहिली. काकू म्हणाल्या, "अगं, गारा काय तू पाडल्यास? वाटेकरी म्हटलं की नुकसानीतही वाटा." एकाही घरानं शब्द मोडला नाही. परत येताना मी रिकामा, म्हणून आत तिच्या शेजारी होतो. क्रांती माझ्या काठावर हात ठेवून खिडकीकडं तोंड करून रडत होती. पण ते रडणं वेगळं होतं.

जूनमध्ये दोडका, कारली पुन्हा मांडवावर चढली. तेव्हा ती बारा घरं शेत बघायला आली. बायकांनी वाफ्यातलं तण उपटलं, कुणी वेलाला हात लावून फोटो काढले. काकूंचे यजमान धरणेंद्र, निवृत्त मास्तर, बांधावर उभे होते. नाथाजींचा चुलतभाऊ भाऊसो तिथून चालला होता. त्यानं विचारलं, "पावणं कोण म्हनायचं?" मास्तर कौतुकानं म्हणाले, "आम्ही? आम्ही या शेताचे वाटेकरी!"

घात झाला तो तिथं. आमच्या भागात वाटेकरी म्हणजे भाजी घेणारा नव्हे. वाटेकरी म्हणजे जमिनीत हिस्सा सांगणारा. याच विहिरीच्या जमिनीपायी नाथाजी आणि त्यांचा सख्खा भाऊ अकरा वर्षं कोर्टात भांडले होते. भाऊ मेला, तरी नाथाजी मातीला गेले नव्हते. सांगलीच्या लोकांना हे कुठून माहीत असणार?

भाऊसोनं डेरीवर, चार माणसांत तोंड टाकलं. "नाथाजी, भावाला हातभर तुकडा दिला न्हाईस गड्या, आन् सुनंनं बारा वाटेकरी लावलं की रं! कॅरेटवर लिवलंय, जा वाच."

नाथाजी घरी आले. मी पडवीत होतो. ते माझ्यासमोर बसले आणि दोनदा वाचलं. मला ओरडावंसं वाटत होतं, "अहो, भाजीचे वाटेकरी! विचारा की तिला, चुलीपाशीच आहे!" पण कॅरेटाला तोंड कुठलं? ते उठले आणि चुलीकडं न बघता बाहेर गेले.

पुढच्या शनिवारी आम्ही सांगलीला होतो. परतलो तर विहिरीकडं मांडव नव्हता. वाफे नव्हते. ट्रॅक्टरनं सगळं उलथून सऱ्या पाडल्या होत्या आणि माणसं उसाच्या कांड्या दाबत होती. दोडक्याचे वेल बांधावर ढीग करून टाकले होते. त्यांना अजून पिवळी फुलं होती.

"आबा, ह्ये काय केलं?" क्रांतीचा आवाज फाटला. सासऱ्यासमोर ती पहिल्यांदाच एवढ्यानं बोलली.

"माज्या जमिनीत बारा वाटेकरी? मी मेलो न्हाई अजून!"

"जमिनीचं न्हाई, आबा! भाजीचं! भाजीचा वाटा घेत्यात ती. सातबारा बघा जावा, तुमचंच नाव हाय. मला विचारायचं तरी हुतं!"

नाथाजी माझ्याकडं बघत राहिले. मग ढिगाकडं. कांड्या दाबणारी माणसंही थांबली होती. मग ते हळू म्हणाले, "तू तरी कवा सांगितलंस?" खरंच होतं तेही. एका घरात दोन माणसं, आणि वर्षभर एकानं सांगितलं नाही, दुसऱ्यानं विचारलं नाही.

पुढच्या शनिवारी क्रांती मला रिकामं घेऊन सांगलीला गेली. काकू म्हणाल्या, "गारांत थांबलो, तसे आताही थांबू."

क्रांती म्हणाली, "गारा पडल्यावर जमीन ऱ्हाती, काकू. आता जमीनच न्हाई."

काकूंनी तिला आत नेऊन जेवू घातलं. बारा घरांतलं कुणी तिला एक शब्द लावून बोललं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. परतल्यावर तिनं तिन्ही कॅरेटं गोठ्यात टाकली. माझ्यात आता गोवऱ्या असतात.

महिन्याभरानं ऊस उगवून आला. हिरवागार, एकसारखा. नाथाजी एका सकाळी गोठ्याच्या दारात आले. क्रांती शेण भरत होती. ते खाली बघत म्हणाले, "पोरी, चुकलं माजं. तुजी वीस गुंठं तुला परत द्याया पायजेत." आणि पुढं म्हणाले, "पन आता ऊस उगवलाय. लावण, मग त्याच बुडख्यातनं खोडवा, तीन सालं जात्याल. उगवल्या पिकात नांगर घालू न्हाई म्हंत्यात."

क्रांतीनं मान वर करून त्यांच्याकडं नुसतं बघितलं. नाथाजींना आपण काय बोललो ते तेव्हा कळलं. ते तिथंच, गोठ्याच्या उंबऱ्यावर, बसले.

मित्रांनो, मला जपा असं मी सांगणार नाही. मी प्लॅस्टिक आहे, तुमच्या नातवंडांनाही पुरून उरेन. पण आज घरी गेलात की ज्याच्याशी बोलणं तुटलंय त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि विचारा, "तुमच्या मनात काय हाय?" उत्तर येईपर्यंत उठू नका.