संपतरावांचा चेहरा

मित्रांनो, मी नारायण पेठेतल्या एका फोटो स्टुडिओतला जुना संगणक. घरोघरी संगणक येऊ लागले, त्या काळात भाग्यश्रीताईंनी मला हौसेने आणले, हळदकुंकू वाहिले. लग्ने, मुंजी, बारशी, सगळे फोटो माझ्या पोटात जात राहिले. कौतुक पुष्कळ झाले. पोट रिकामे करायला मात्र कोणाला सवड झाली नाही.

एका गुरुवारी हिंजवडीहून तुळजाबाई आल्या. त्यांचे यजमान संपतराव नुकतेच गेले होते. शेतावर कंपनी उभी राहिली, बंगला झाला; पण संपतरावांचा फोटो एकच, जत्रेत काढलेला, कसरीने खाल्लेला.

"उद्या तेरावं हाय, ताई. तोंड तेवढं नीट करून द्या."

ताईंनी तो फोटो माझ्यात उतरवून घेतला आणि सकाळभर खपून कपाळ जोडले, डोळे उजळले. आता छपाईसाठी चित्राची वेगळी फाइल काढायची होती. त्यांनी बटण दाबले आणि मी पडद्यावर संदेश दाखवून अडलो. त्यांनी फाइलचे नाव बदलले, चित्र लहान केले. मी अडलेलाच. फ्लॉपी घातली, तिच्यात चित्र मावेना. एवढ्यात वीज गेली. जेमतेम काही मिनिटे वीज पुरवणारा यूपीएस कुईं कुईं करू लागला. मधे काहीच जतन केलेले नव्हते.

ताईंनी घाबरून माझा संदेश पुन्हा वाचला. जागा शिल्लक नव्हती.

काय पुसायचे? गिऱ्हाइकांच्या ठेवीला हात कसा लावायचा? ताईंचे स्वतःचे असे फोटोंचे एकच मोठे दप्तर माझ्यात होते, लेकीच्या, पूर्णिमाच्या, बारशाचे. त्याची दुसरी प्रत नव्हती. यूपीएसचा आवाज वाढला.

"ताई, जातंय का त्ये?" तुळजाबाईंनी विचारले.

"नाही जाऊ देत, मावशी."

ताईंनी पूर्णिमाचे बारसे पुसले. मला 'नको' म्हणता आले नाही. संपतराव जतन झाले आणि माझा पडदा काळा झाला.

संध्याकाळी वीज आली, फोटो छापून निघाला. तुळजाबाईंनी पदराने त्याचा गाल पुसला. "रुसल्यावर असंच बघायचं माज्याकडं," त्या म्हणाल्या. ताईंनी फोटो कागदात गुंडाळून दिला.

मित्रांनो, आम्ही यंत्रे सांगाल ते सांभाळतो, सांगाल ते पुसतो. अडवायला आम्हाला हात नाहीत. म्हणून आमचा भार वेळीच हलका करा, आणि आपल्या माणसांचे फोटो आणखी कुठेतरी ठेवा. परवा पूर्णिमाने विचारले, "आई, बारशाला मी कशी दिसत होते गं?"

ताई तिला तोंडी सांगत बसल्या.