आईचं घड्याळ तिकडचं, बाबांचं इकडचं

"बाबा, तुमच्या त्या गावात तुम्हाला कोणी ओळखतं का?"

हा प्रश्न माझा नाही, मैत्रिणींचा. हिंमत असेल तर विचारून दाखव म्हणाल्या, म्हणून व्हिडिओ कॉलवर, आईच्या देखत विचारून टाकला. बाबा दोन वर्षांपासून परदेशातल्या एका गावात साबणाच्या कारखान्यात पॅकिंगची मशिनं सांभाळतात. ते गाव आमच्या गावाएवढंच टीचभर, फक्त घड्याळात चार तास मागे. पण बाबा त्याचे गोडवे असे गातात, जणू त्याचा पाया त्यांनीच घातलाय. पुढच्या वर्षी मी तिथल्या शाळेत जावं हा त्यांचा हट्ट, आणि जाऊ नये हा आईचा. निर्णय माझ्यावर सोडलाय असं दोघंही म्हणायचे, आणि दोघंही मला सोडत नव्हते.

प्रश्न ऐकून बाबांनी घड्याळात बघितलं. मग म्हणाले, "सुट्टीत ये आणि तूच बघ."

मी गेले.

तर दोन गावांतला फरक असा. आमचा न्हावी, सहा जण ताटकळत असले तरी म्हणतो, बसा, पाचच मिनिटं. बाबांच्या गावचा न्हावी रिकाम्या खुर्चीत स्वतः पाय पसरून सांगतो, पुढच्या मंगळवारी या. केस दोन्हीकडे वाढतात. आमची शेजारीण थेट स्वयंपाकघरात घुसून विचारते, पोरगी एवढी का वाळलीये. तिकडची पडद्याआडून बघते आणि तेच पलीकडच्या बाईला विचारते. आमचा किराणावाला दुकान कधी उघडेल हे त्यालाही माहीत नसतं. तिकडचा सहाला बंद करतो, आणि साडेपाचपासून गिऱ्हाइकाकडे चोर शिरल्यासारखा बघतो. याला बाबा शिस्त म्हणतात.

बाबांना मात्र तिथे खरंच कोणी ओळखत नव्हतं. का, ते पहिल्याच दिवशी दिसलं. दुपारी चारला, लख्ख उन्हात, बाबांनी रात्रीचं जेवण वाढलं. सहाला पडदे ओढून झोपले. खाली चौकात त्यांच्याच कारखान्यातले लोक बाकांवर बसून पत्ते कुटत होते आणि इकडे माझे बाबा घोरत होते. मनगटावरचं घड्याळ आमच्या गावच्या वेळेचं, आल्या दिवसापासून तसंच. सकाळी मी छेडलं, तर म्हणाले, तुमच्याबरोबर जेवल्यासारखं वाटतं. न्हाव्याकडे बाबांची चौकशी केली तर त्याने हळहळून विचारलं, ते आजारी असतात तेच ना?

मी हसत सुटले, आणि हसता हसता थबकले, कारण मला आई आठवली. आई दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. भर दुपारी, गाल धरून कण्हणाऱ्या पेशंटांसमोर ती कुरुमकुरुम टोस्ट खाते, तो तिचा नाश्ता. रात्रीचं मी जेवते एकटी. ती जेवते मी झोपल्यावर. मी आजवर समजत होते, कामाचा ताण. फोन लावून खोदून विचारलं, तेव्हा लाजत म्हणाली की बाबांच्या वेळेला खाल्लं की घास गोड लागतो.

म्हणजे दोघं एकमेकांना भेटायला निघाले आणि एकमेकांना ओलांडून गेले. मधले चार तास होते तिथेच. वर फोनवर रोज, जेवलात का, हो जेवलो, तू, मी पण. केव्हा, ते मात्र सांगायचं नाही. दोघंही खोटारडे.

त्याच रविवारी मी फोन पाण्याच्या जगला टेकवून उभा केला. पडद्यावर आई, समोर बाबा. सगळं सांगितलं.

"तुम्ही चारला जेवता?" आईने विचारलं.

"आणि तू मध्यरात्री," बाबा म्हणाले. मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले, जणू हे मीच करून ठेवलं होतं.

मी बाबांच्या मनगटावरचं घड्याळ काढून घेतलं, काटे चार तास मागे फिरवले आणि परत बांधलं.

"ठरलं," मी म्हटलं. "मी इथल्या शाळेत येणार. गाव काही थोर नाही, पण महिन्याभरात सगळे बाबांना ओळखतील, त्या तोंडाळ मुलीचे वडील म्हणून. आणि आई, तू दवाखान्यात राजीनामा दे. तू इथल्या वेळेत केव्हाच राहायला आली आहेस. आता फक्त तुझं सामान यायचंय."