उकिरड्यावर रिकामी झालेली परात

मित्रांनो, केजजवळच्या एका गावची मी जुनी जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, परात, आणि खरं सांगायचं तर सध्या माझं डोकं फार तापलेलं आहे.

गावानं वर्गणी काढून मला विकत आणलं, माझ्यासोबत ताटं-वाट्याही आणल्या. काठावर ‘समस्त गावकरी’ असं कोरून आम्हाला मारुतीच्या देवळामागच्या खोलीत ठेवलं. लग्न असो, बारसं असो, आम्ही हजर. पंगत उठली की ज्यानं त्यानं आपलं ताट राखेनं घासून पालथं घालायचं, असा गावचा रिवाज. सरपंचसुद्धा घासायचे. भातानं भरलेली मी पंगतीत आले की म्हातारी माणसं म्हणत, “ही हाय तवर कुनी उपाशी उठनार न्हाई.” मला तेव्हा फार अभिमान वाटायचा.

मग बाजारात चकचकीत चंदेरी कागदाच्या पत्रावळ्या आल्या, प्लास्टिकचे पेले आले. गरज सरो, वैद्य मरो. आमच्या अंगावर पाली फिरू लागल्या.

यंदा देवळाशेजारच्या बद्रीनाथकडे नातीचं बारसं होतं. त्याची बायको वनमाला म्हणाली, “आवो, गावची भांडी पडून हायत. इकतच्या पत्रावळ्या कावून आनायच्या?”

“घासत कोन बसल? लई कटकट हाय. खाल्लं की फेकलं, मोकळं.”

ताट घासायला असा किती वेळ लागतो हो? पण नाही. उष्ट्यासकट सगळं परसातल्या उकिरड्यावर गेलं. घरातल्या रोजच्या पिशव्याही तिथंच जात. बद्रीनाथची गाय कपिली तिथंच तोंड घालायची. उष्टा भात चाटता चाटता तिनं पत्रावळ्याही गिळल्या. काही दिवसांत तिनं चारा सोडला, पोट फुगलं, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. वासरू असल्यापासून बद्रीनाथनंच तिला वाढवलेली. त्यालाही घास जाईना.

गुरांचे डॉक्टर आले. म्हणाले, “पोट उघडावं लागेल. वाचेलच असं सांगत नाही. एखादं मोठं भांडं आणा.”

घरची भाकरीची परात कशी द्यायची, म्हणून वनमाला धावत येऊन मला घेऊन गेली. इतक्या वर्षांनी बोलावणं आलं, आणि माझ्यात वाढलं काय? कपिलीच्या पोटातून निघालेले पिशव्यांचे पिळे, पेल्यांचे तुकडे, पत्रावळ्यांचे चंदेरी लगदे. मी काठोकाठ भरले. इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती.

कपिली वाचली. संध्याकाळी तिनं हिरव्या गवताला तोंड लावलं, तसा बद्रीनाथ तिच्या गळ्यात पडून रडला. मग त्यानं डोळे पुसले, मला उचललं, परसात नेलं आणि सगळं त्याच उकिरड्यावर ओतलं. पहिले पाढे पंचावन्न. मला तोंड असतं तर मी ओरडलेच असते.

वनमाला पुढं आली. खाली बसून ती एकेक तुकडा वेचून पुन्हा माझ्यात टाकू लागली. बद्रीनाथ नुसता बघत राहिला. मागं कपिली, पोटाला ताजे टाके असताना, दावं ताणून उकिरड्याकडेच मान लांबवत होती. त्यानं वळून ते पाहिलं आणि तोही बायकोशेजारी वेचायला बसला.

मित्रांनो, गाईला निवडून खाता येत नाही. तुम्हाला मात्र फेकण्याआधी विचार करता येतो. जेवून उठलात की आपलं ताट घासा, हात झिजत नाहीत. आणि घरी कार्य निघालं तर मला न्यायला या. खोलीला कुलूप नसतं.