बहिरी

मानसिंग पाटलाला माणूस म्हणणं माझ्या जिवावर येतं. वेल्ह्याखालच्या आमच्या खोऱ्यात राज्य भोर संस्थानचं, पण आमच्यापर्यंत पोचायचा तो पाटलाचाच हुकूम. जर्मनच्या लढाईच्या दिवसांत त्यानं डोंगराचा अख्खा उतार आपलं कुरण म्हणून काटे लावून अडवला. आमच्या सासऱ्याच्या आज्यापासून मेंढरं तिथं चरत आलेली. त्यांना काटे काय कळणार? ती गेली, आणि पाटलाच्या गड्यांनी सगळा कळप हाकलत नेऊन गावच्या कोंडवाड्यात घातला. ऐन वैशाख. आत ना पाला, ना पाणी. मला गड्यांनी दाराजवळही उभं राहू दिलं नाही.

माझा नवरा हरिबा पाटलाकडे गेला. नवऱ्याचं नाव बाईनं घेऊ नये म्हणतात, मी घेते. हरिबा ओव्या रचायचा. तो ढोलापाशी उभा राहिला की आजूबाजूच्या वाड्यांमधले सगळे धनगर गोळा व्हायचे. पाटलानं त्याला हात जोडून उभं राहू दिलं, पान लावलं, खाल्लं, आणि मग म्हणाला, "उद्या जत्रा हाय. माज्यावर ववी रच. ऐकून लोकांची छाती दडपली पायजे. मग सोडतो तुजी मेंढरं."

मला वाटलं, हा कसंबसं चार ओळींचं गोडगोड काहीतरी जुळवील आणि सुटका करून घेईल. पण हा कड्याखाली जाऊन बसला. तिथं बहिरी होती. बहिरी म्हणजे तो ससाणा, जो उडत्या पारव्यावर वरून कोसळतो आणि हवेतच त्याला फोडतो. दिवस मावळताना हरिबा परत आला तो गुणगुणतच, आणि चुलीपुढे बसून त्यानं मला ओवी ऐकवली:

"कड्याच्या टोकाला बसलीया कोन? बहिरी!
वाऱ्याला कापीत उतरतंय कोन? बहिरी!
नख्यात घेऊन पारव्याची मान
म्हनती, समदं माजंच रान."

खोटं कशाला बोलू? माझ्या अंगावर काटा आला. ओवी झकास होती, आणि म्हणूनच मला त्याचा राग आला. पारव्याची मान म्हणताना त्याचा आवाज किती खुलला होता!

"आन् पारव्याचं काय?" मी विचारलं.

"पारव्याचं काय असतंय, सारजे? पारवा मरतो." असं म्हणून तो भाकरीकडे वळला.

जत्रेला देवळापुढचं पटांगण माणसांनी भरलं. पाटील पारावर लोडाला टेकून बसला होता. कोंडवाडा देवळाच्या भिंतीला लागूनच, त्यामुळे मेंढरांचं ओरडणं तिथं प्रत्येकाच्या कानावर पडत होतं. कुणी तिकडे मान वळवली नाही. ढोल सुरू झाला. हरिबा विचारायचा, मागचे झीलकरी एका दमात जबाब द्यायचे, "बहिरी!" दर जबाबाला पाटील इंचभर फुगत होता. पुढच्या रांगेतली माणसं भक्तिभावानं माना डोलवत होती. त्यांच्यातल्या निम्म्यांच्या बांधावर पाटलाचा नांगर फिरलेला. लाज वाटायला हवी होती मेल्यांना.

मी गर्दीतून वाट काढत कोंडवाड्याच्या कुडापाशी गेले. आत एक कोकरू जीभ बाहेर टाकून पडलं होतं. त्याची आई त्याला नाकानं ढोसत होती. ते उठेना. माझं डोकंच फिरलं. ढोलाच्या ठेक्यावर मी बेंबीच्या देठापासून ओरडले,

"मुकं जनावर हंबरडा फोडतंय, ऐकत न्हाई कोन?"

झीलकरी तालात होते. त्यांच्या तोंडून जबाब निघून गेला, "बहिरी!"

धोंडाबाई कुंभारीण फस्सकन हसली. तिच्यामागे दोघीतिघी हसल्या. मी पुन्हा विचारलं,

"पान्यावाचून कोकरू मेलं, ऐकत न्हाई कोन?"

या वेळी झीलकरी गप्प राहिले. जबाब गावानं दिला, "बहिरी!"

पाटील ताडकन उठला. "कोन बहिरा? बाईमानूस समजता व्हय मला, बहिरी म्हनाया? समदं ऐकू येतंय मला!"

"ऐकू येतंय तर दार उघडा की," मी म्हणाले.

ढोल थांबला होता. मेंढरं ओरडतच होती. एवढ्या माणसांसमोर आता त्याला ऐकू येत नाही म्हणायची सोय उरली नव्हती. त्यानं गड्याला मान हलवून खूण केली. अडसर निघाला, कळप धडपडत बाहेर आला आणि देवळामागच्या पाण्याच्या डोणीवर तुटून पडला. माझा जीव भांड्यात पडला. मी आत जाऊन कोकरू उचलून घेतलं.

तेवढ्यात पाटील दातओठ खात म्हणाला, "हरिबा, फिरून म्हन. पैल्यापासनं. माजी ववी."

मेंढरं सुटली होती. पाटलाच्या हातात आता आमचं काहीच नव्हतं. मी हरिबाला खुणावलं, चला. त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि ढोलवाल्याकडे वळून हात वर केला.

तो गायला. आधीपेक्षा सरस गायला. भीतीनं नव्हे, भ्यालेला माणूस मला कळतो. त्याची ओवी मी मोडली होती, ते त्याला सोसलं नव्हतं. बहिरी पुन्हा कड्यावर जाऊन बसली, पुन्हा वारा कापत उतरली. हसणारे गप्प झाले. झीलकरी जोरात साथ देऊ लागले. धोंडाबाईनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. पाटील सावकाश खाली बसला, लोडाला टेकला. सगळं होतं तसं झालं.

पाटलानं दिलेला नवा फेटा डोक्याला बांधून, घामानं निथळत हरिबा माझ्यामागे डोणीपाशी आला. त्याचे डोळे चमकत होते.

"कशी झाली?" त्यानं विचारलं.

"लई चांगली झाली," मी म्हणाले आणि मेलेलं कोकरू त्याच्या हातांत दिलं. "तुमी आता हितंच ऱ्हावा. पाटलाला गानारा पायजे. मेंढरांना न्हाई."