झिजलेला शिक्का

पडताळणीच्या खिडकीतल्या बाईंनी माझ्या पदवीवरून अंगठा फिरवला आणि कागद परत सरकवला. "शिक्का उठलेलाच नाही. संध्याकाळपर्यंत नीट करून आणा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल."

तीन वर्षं घरी बसल्यावर मिळालेली एकुलती एक नोकरी होती ती. मी धावतपळत विद्यापीठ गाठलं. शिक्का माझ्या बाबांच्याच ताब्यात होता!

पूर्वी तो शाईचा होता. कुण्या दीडशहाण्यानं बटाट्यावर हुबेहूब तसाच कोरून पदव्या वाटल्या, तेव्हा हा पितळी ठसा आला. मधे दिवा, भोवती विद्यापीठाचं नाव. यंत्राचा दांडा दाबला की कागदावर अक्षरं फुगून यायची. बाबांचा तो जीव की प्राण. रोज सकाळी पावडर लावून चकचकीत घासायचे. आई म्हणायची, एवढं कौतुक माझं केलं असतं तर! त्या कौतुकानंच अक्षरं झिजली होती. माझा असा संताप झाला की विचारू नका.

कुलसचिवांनी हात झटकले. "नवा ठसा पुढच्या वर्षी. आत्ता झिजला म्हटलं तर सगळ्यांच्याच पदव्या संशयात येतील."

"बाबा, पुन्हा दाबा."

ते पांढरेफटक पडले. "अगं, पदवी रद्द करायची तर तिच्यावर दुसऱ्यांदा शिक्का उठवतात. तीच पद्धत आहे."

"बरोब्बर पहिल्यावर बसवा. कुणाला कळतंय? माझं वाटोळं झालेलं बघायचंय का तुम्हाला?"

बाबांनी दार लोटलं. जन्मात नियम न मोडलेला माणूस तो. कागद सरकवला, मागे घेतला, पुन्हा सरकवला. मग दांड्यावर सगळा भार टाकला.

डोळे मिटून त्यांनी बोट फिरवलं. "आलं गं! दिवा लागतोय हाताला. नाव लागतंय, अक्षर न् अक्षर!"

मी अंगठा फिरवला, मग करंगळी, मग कागद उलटा करून पाहिला. सगळा गुळगुळीत. त्यांच्या बोटांना तो ठसा पाठ होता, म्हणून लागत होता.

"लागतंय ना?"

"हो, बाबा," मी म्हटलं आणि कागदाची घडी घातली.

"अगं, घडी नको!" ते कळवळून म्हणाले. "शिक्का दबेल!"