रविवारच्या फुल्या

कटिंगवाल्या बाईंचं डोकं दर रविवारी दुखायचं, आणि साधंसुधं नाही. उजव्या डोळ्यामागे कुणीतरी खिळा ठोकत बसायचं. उलट्या व्हायच्या, उजेड नको, आवाज नको. आठवड्यात हक्काची एकच सुट्टी, आणि तिची ही अशी माती! वर्षानुवर्षं हेच चाललं होतं.

गणवेश शिवायच्या कारखान्यात बाई कापड कापायच्या. चाळीस थर एकावर एक. खडूची एक रेघ चुकली की चाळीस सदरे बाद. सहा दिवस तिथे त्यांचा हात चुकायचा नाही. घरी मात्र अकरा वर्षांच्या लेकीला, चिमणीला, आईचा एक अख्खा रविवार कधी मिळाला नव्हता. आता तिच्या पोहण्याच्या शर्यती ठरल्या, त्याही रविवारीच. "तू नाही आलीस तरी चालेल गं," चिमणी म्हणाली. इतक्या समजूतदारपणे म्हणाली, की बाईंनी त्याच आठवड्यात दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्याच, वर नोंदी ठेवायला सांगितल्या. उठलात कधी, खाल्लंत काय, डोकं कधी दुखलं. बाई कसली वही घेतायत! कपड्यांची मापं उतरवायच्या पातळ, आरपार दिसणाऱ्या कागदावर त्यांनी दर आठवड्याचा तक्ता आखला. चहा-न्याहारी झाली की टिंब, दुखलं की फुली. आठ आठवड्यांनी आठही कागद कडेला कड जुळवून खिडकीच्या काचेवर धरले. रविवारी फुलीवर फुली. ते तर माहीतच होतं. पण त्याच रकान्यात साडेपाचच्या चहाची आणि सातच्या न्याहारीची जागा आठही कागदांवर कोरी होती.

त्याचं कारण घरातच होतं. रविवारी नवरा गजर बंद करायचा, पडदे ओढायचा, टीव्हीचा आवाज घालवायचा. "आईला झोपू दे," म्हणून चिमणीला दटावायचा. बाई दहाला उठायच्या त्या उपाशीपोटी, ठणकतं डोकं घेऊन. मग पडदे आणखी घट्ट.

डॉक्टरीणबाई कागद बघून म्हणाल्या, "उशिरा उठून चहा-खाणं चुकलं की डोकं दुखू शकतं. सगळ्यांचं असंच असतं असं नाही हं. पण सुट्टीलाही रोजच्याच वेळी उठून, खाऊन बघा. चहासुद्धा रोजच्याइतकाच."

नवरा ऐकून मटकन खाली बसला. "म्हणजे इतकी वर्षं मीच तुला आजारी पाडत होतो?"

"अहो, तुम्ही मला झोपू देत होतात," बाई म्हणाल्या.

पहिल्या रविवारी डोकं दुखलंच. दुसऱ्या रविवारी जरा कमी. तिसऱ्या रविवारी पुन्हा दुखलं, आणि बाई रडकुंडीला आल्या. चौथा रविवार शर्यतीचा. पाचला गजर झाला. नवऱ्याने चहा पुढे केला, सातला अंडं उकडून दिलं आणि निकालाची वाट बघावी तसा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. नऊ वाजले तरी डोकं शांत होतं.

तलावाकाठी नुसता कल्ला होता. "मार हात, चिमणे!" बाई घसा फुटेस्तोवर ओरडल्या. चिमणी चौथी आली. निथळत, धापा टाकत धावत आली, आईच्या कानाशी तोंड नेलं आणि घरातल्या रविवारच्या आवाजात कुजबुजली, "आई, मी चौथी आले."

बाईंनी तिला ओलीचिंब तशीच पोटाशी धरलं. "मोठ्याने सांग की गं!"

चिमणीने आधी बाबांकडे बघितलं, ओरडू का म्हणून विचारल्यासारखं. बाबा तोंड फिरवून डोळे पुसत होते.